मर्यादेत

गाडी धुऊन झाली होती, पुसून झाली होती, उन्हात लख्ख दिसत होती. तरीही मापाऱ्यानं पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घातला आणि बॉनेटवरून फिरवला मात्र, त्याच्या अंगावर शहारा आला. उघड्या बोटांना जे लागलं नव्हतं ते पिशवीतून लागत होतं. बारीक, दाट, एकसारखी खरखर. मांजरानं तळहात चाटावा तशी. ही उपमा त्याला सुचली आणि ती जीभ खरोखरच आपल्या हातावरून फिरतेय असं वाटून त्यानं हात झटकन ओढून घेतला. पिशवीच्या आत घाम साचला होता. बोटांचा आकार धरून ती तशीच बॉनेटवर पडून राहिली, एखाद्या किड्यानं टाकलेल्या कातीसारखी. ही पिशवीची युक्ती वसाहतीत लहान मुलांनाही ठाऊक होती. डोळ्याला रंग गुळगुळीत दिसतो, बोटालाही गुळगुळीत लागतो, पण मध्ये पिशवी आली की रंगात रुतून बसलेला एकेक कण बोलायला लागतो. त्यालाही ती वर्षानुवर्षं ठाऊक होती. मग आजच शहारा का यावा? तीनच महिन्यांपूर्वी ह्याच बॉनेटवरचा सगळा थर त्यानं स्वतः उतरवला होता. तीन महिन्यांत इतका? त्यानं मनात हिशेब मांडायला सुरुवात केली आणि तिथेच थांबवली. आज सुट्टी होती. आज त्याला काही मोजायचं नव्हतं.

मोजणं हा त्याचा पेशा होता. पोलादाच्या कारखान्यात तो हवा मोजायचा. हवेत किती धूळ, किती काजळी, किती लोखंड, ते महिन्याच्या महिन्याला कागदावर उतरवून खाली सही करायचा. म्हणून वसाहतीत त्याचं नाव मापारी पडलं होतं, आणि आता इतकी वर्षं झाली की खरं नाव घेऊन कुणी हाक मारली असती तर त्यानं मागे वळून पाहिलं नसतं. आज बारा वाजता निघायचं होतं. दोन तासांचा रस्ता. लेकीला, बिट्टीला, आणि तिच्या दीड महिन्याच्या मुलीला तीन महिन्यांसाठी घरी आणायचं होतं. गाडी त्यासाठीच स्वच्छ करायची होती. नात पहिल्यांदा ज्या गाडीत बसणार ती आतून-बाहेरून निर्मळ हवी, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. काल संध्याकाळी बिट्टीचा फोन आला होता. डायपर किती घ्यायचे, अंगडी किती, असं सगळं आईशी बोलून झाल्यावर ती म्हणाली होती, "बाबांना दे जरा." आणि मग त्याला, अगदी सहज: "बाबा, तिथली हवा हिला चालेल ना? डॉक्टर म्हणाले, आजोळी नेताय तर तिथली हवा कशी आहे ते विचारून घ्या. मी म्हटलं, विचारायचं काय, माझे बाबाच तर मोजतात." तो म्हणाला होता, "मर्यादेत आहे." ती हसली होती. "अहो बाबा, मी काय तपासणीला आलेय? चांगली आहे की नाही ते सांगा." "मर्यादेत म्हणजे चांगलीच की गं." फोन ठेवल्यावर त्यानं चूळ भरली होती. का भरली, ते त्याला सांगता आलं नसतं. जिभेवर साय धरल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

पायरीवर कारखान्याचा खोका उघडा पडला होता. दर तीन महिन्यांनी घरटी एक असा खोका येई: मातीची एक वडी, फवाऱ्याची एक बाटली, मऊ केसाळ फडकं एक. वडी म्हणजे खरी माती नव्हे, मातीसारखा मऊ केलेला कसलासा चिकट लगदा. पण सगळे तिला मातीच म्हणत. हिची सुरुवात त्याला नीट आठवत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी वसाहतीत पांढऱ्या गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्यावर वर्षभरात तपकिरी ठिपके उमटायला लागले, अंगावर पुरळ उठावं तसे. लोक चिडले. सह्या गोळा झाल्या, पत्रं गेली, सभा भरली. सभेत मोठे साहेब उभे राहिले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "रंगाचा प्रश्न आहे ना? रंगाची काळजी आपण घेऊ." पुढच्याच महिन्यात खोके आले. सोबत एक माणूस आला, त्यानं सगळ्यांना मैदानात उभं करून शिकवलं: आधी गाडी धुवायची, मग हाताएवढ्या भागावर फवारा मारायचा, वडी चपटी करून हलक्या हातानं सरळ रेषेत पुढे-मागे फिरवायची, गोल कधीच फिरवायची नाही. आधी ती अडखळते, कुरकुरते. मग कुरकुर थांबते. थांबली की समजायचं, तो भाग साफ झाला. वडी काळी पडली की मळायची, घडी घालायची, काळं आत ढकलायचं, वर नवी बाजू आणायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर तक्रार अशी झालीच नाही. उलट चुरस लागली. कुणाची गाडी जास्त चमकते, कुणाची वडी जास्त काळी निघते. खोका यायला चार दिवस उशीर झाला तर लोक कुरबुर करत, आणि ती एवढी एकच कुरबुर आता उरली होती.

त्यानं फवारा मारला. गोडसर, फळासारखा, पण कुठल्याच फळाचा नसलेला वास नाकात शिरला. वडी हातात घेतली. हाताच्या उबेनं ती लगेच सैल पडली, बोटांच्या पेरांत शिरू लागली, कुणीतरी चघळून चघळून त्याच्या हातावर थुंकल्यासारखी. त्यानं ती चपटी केली आणि फिरवू लागला. कुर्र. कुर्र. कुर्र. दात खाणाऱ्या माणसाशेजारी झोपल्यावर जसा आवाज येतो तसा. दहा-बारा वेळा फिरवून त्यानं वडी उलटी करून पाहिली. पिवळसर वडीवर तपकिरी-काळा थर होता, मधूनमधून चमचमणारा. ती चमचम त्याला सगळ्यात घाणेरडी वाटली. घाणीनं काळं असावं, मळकट असावं. ही चमकत होती, थेट त्याच्याकडे बघत असल्यासारखी. त्यानं घडी घातली. काळं आत गेलं, वर पिवळी, कोवळी, नव्यासारखी बाजू आली. पुन्हा फवारा, पुन्हा कुर्र, पुन्हा घडी. प्रत्येक घडीबरोबर वडी जरा जड लागत होती, किंवा त्याला तसं वाटत होतं. आणि प्रत्येक घडीबरोबर त्याला बिट्टीचा रुमाल दिसत होता. शाळेत जाणारी बिट्टी, नाकाला कायम रुमाल, आणि रुमालाच्या मधोमध राखाडी डाग. फिक्या कडांचा, मध्ये गडद. त्याची बायको तो रुमाल चिमटीत धरून पाण्यात टाकायची आणि तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाला होता, धुळीची अ‍ॅलर्जी आहे, मुलांना असते, वाढत्या वयात जाईल. आणि गेलीही. बिट्टी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि महिन्याभरात अ‍ॅलर्जी गेली. सगळ्यांनी म्हटलं, बघा, वाढत्या वयात गेलीच की. त्यानंही म्हटलं. त्यानं तर सगळ्यांच्या आधी म्हटलं.

बॉनेटचा उजवा भाग संपला. खरखर थांबली होती, वडी आता लोण्यावरून फिरावी तशी फिरत होती, आणि त्या गुळगुळीतपणाचीही त्याला किळस आली. पंचवीस-तीस वर्षं तो अशाच गुळगुळीत कागदावर सही करत आला होता. हवा मोजायची म्हणजे काही जादू नव्हती. पांढरी कागदी चकती घ्यायची, काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलायची, यंत्रात बसवायची. यंत्र एक दिवस हवा ओढतं, चकती भरते, ती पुन्हा तोलायची, वजाबाकी करायची. शंभराच्या आत आकडा आला की मर्यादेत. यंत्र खोटं बोलत नाही, तराजू खोटं बोलत नाही, वजाबाकीही बोलत नाही. फक्त यंत्र ठेवायचं कुठे, एवढा एक प्रश्न उरतो. तो नवा होता तेव्हा त्याच्या आधीच्या वरिष्ठांनी त्याला गच्च्यांवरून फिरवलं होतं. म्हातारा माणूस, मऊ बोलणारा, सदान्कदा खिशात वेलदोडे ठेवणारा. "नियम काय म्हणतो? मोकळी, उंच जागा. आता उंच जागा पुष्कळ आहेत. तुम्ही जरा फिरा, वारं बघा, आणि सोयीची जागा शोधा." तो आठवडाभर फिरला होता. तरुण होता, हुशार होता, कामाचा उत्साह होता. पाहुण्यांसाठीच्या बंगल्याची गच्ची त्यानंच शोधून काढली होती; उंच, मोकळी, नियमात चपखल बसणारी, आणि वर्षातले दहा महिने वारा तिथून धुराड्यांकडे वाहणारा, धुराड्यांकडून तिथे नव्हे. म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली होती. ती थाप त्याला आवडली होती. हे आठवून आता त्याच्या तोंडात लाळ जमली, ओकारीच्या आधी जमते तशी, खारट, पातळ. कुणी त्याला धाक घातला नव्हता. कुणी काही देऊ केलं नव्हतं. त्याला नुसतं शाबास म्हटलं होतं.

"काय मापारी! आज गाडीला न्हाऊ घालायचं काढलंत का?" भिंतीपलीकडून फोरमनचा आवाज आला. शेजारचा फोरमन, भट्टीवरचा. मोठं पोट, मोठा आवाज, कमरेइतक्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून उभा. त्याच्याही हातात वडी होती, तो ती बोलता बोलता मळत होता. "नात येणार म्हणून ना? अहो, तिला काय कळतंय? दुधाशिवाय काही दिसतं का तिला? पण तुमचं बरोबर आहे. आजोबा झालात, जरा चमकायला हवंच."

"तुमचं झालं?"

"माझं कधीच. हे बघा." त्यानं आपली वडी पुढे केली. ती काळीकुट्ट होती, फोरमनच्या जाड बोटांचे ठसे उमटलेली. "ह्या खेपेला पीक चांगलं आलंय," असं म्हणून तो खदखदून हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला लांबत गेला. मग त्यानं घसा खाकरला, बाजूला वळून मातीत थुंकला आणि चपलेनं ते पुसून टाकलं, अगदी सवयीनं, खाली न बघता. मापाऱ्याला बघायचं नव्हतं पण त्यानं पाहिलं. थुंकी करडी होती. मापाऱ्याच्या बोटांतली वडी सुटली आणि खाली फरशीवर पडली, थप्प करून, आणि तिथेच चिकटून बसली.

पडलेली वडी वापरायची नाही हा पहिला नियम. जमिनीवरची वाळू तिच्यात घुसते, आणि मग ती साफ करत नाही, ओरखडते. शिकवणाऱ्या माणसानं हे तीनदा सांगितलं होतं. "गेली बघा," फोरमन म्हणाला. "थांबा, माझ्याकडे जास्तीची आहे, देतो." आणि तो आत गेला. मापाऱ्यानं वाकून वडी उचलली. खालच्या बाजूला वाळू, एक केस, वाळक्या पानाचा तुकडा. टाकून द्यायला हवी होती. ते त्याला माहीत होतं, पूर्णपणे माहीत होतं, आणि माहीत असतानाच त्याच्या बोटांनी घडी घातली. वाळू आत गेली. वर स्वच्छ बाजू आली. त्यानं फवारा मारला आणि डाव्या भागावर फिरवायला सुरुवात केली. सरळ रेषेत. हलक्या हातानं. नियमाप्रमाणे. चौथ्या-पाचव्या फेरीला वाळू घडीतून वर आली असावी. आवाज बदलला. त्यानं हात थांबवला नाही. आणखी तीन-चार फेऱ्या मारल्या आणि मगच फडक्यानं पुसलं. उन्हात बॉनेटवर ओरखडे दिसत होते, बारीक, समांतर, नीटनेटके, आखणीच्या कागदासारखे. तो त्यांच्याकडे बघत राहिला. चुकून झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे त्यानं बघत बघत केलं होतं.

"अहो." बायको दारात उभी होती, हातात ओलं फडकं. सकाळपासून तिचं पाळणा पुसणं चाललं होतं. पाळणा पुसायचा, खिडकीची चौकट पुसायची, पुन्हा पाळण्याकडे यायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा पुसायचं. सकाळी देवापुढे दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली होती तेवढीच काय ती स्थिर. "पाळणा कुठे लावू? पुढच्या खोलीत उजेड आहे. पण म्हटलं, बिट्टीचा पलंग तुम्ही पुढून आतल्या खोलीत नेला होतात ना, ती सहा वर्षांची असताना? तिथे गारवा असतो म्हणाला होतात. तिथेच लावू का?"

"काय?"

"गारवा. मला तर तिथे गारवा कधी लागला नाही. कोंदटच ती खोली. पण तुम्ही म्हणालात म्हणून." ती त्याच्याकडे बघत नव्हती, फडक्याची घडी उलगडत होती. "तिथेच लावते मग."

ती आत गेली. तो गाडीत जाऊन बसला, चालकाच्या जागेवर, दार उघडं ठेवून, पाय बाहेर. बिट्टी सहा वर्षांची होती. एका शनिवारी त्यानं कारखान्यातलं जास्तीचं यंत्र घरी आणलं होतं. दुरुस्तीला नेतो असं सांगून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मोजणाऱ्याला एक खाज असते. दिवसभर सोयीच्या जागी मोजल्यावर एकदा तरी खऱ्या जागी मोजून बघावंसं वाटतं, एवढंच, कसबाचा अभिमान म्हणा. त्यानं ते पुढच्या खोलीच्या खिडकीत लावलं होतं, बिट्टीच्या उशापासून तीन हातांवर. बिट्टीनं विचारलं होतं, "बाबा, हे काय गं-गं-गं करतंय?" आणि तो म्हणाला होता, "तुझं घोरणं मोजतंय." ती इतकी हसली होती की तिला उचकी लागली होती. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन त्यानं चकती तोलली. तोलायचीही गरज नव्हती. ती पांढरी राहिलीच नव्हती, उंदराच्या पाठीसारखी झाली होती. चारशे बारा. त्यानं पुन्हा तोलली. चारशे बारा. त्यानं चकती दुमडली, आणखी दुमडली, नखाएवढी केली, आणि संडासात टाकून पाणी ओतलं. ती तरंगून वर आली. पुन्हा ओतलं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, बिट्टीचा पलंग आत घेऊ, तिथे गारवा असतो. आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या बंगल्याच्या गच्चीवरच्या आकड्याखाली सही केली. एकसष्ट. मर्यादेत.

म्हणजे त्यानं काय केलं होतं? आपल्या मुलीला दोन खोल्या आत नेलं होतं. मध्ये दोन भिंती घातल्या होत्या, बस. हवा काय भिंतीपाशी थांबून आत येऊ का म्हणून विचारते? त्यानं आतल्या खोलीत कधी मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर आकडा कळला असता. हाताकडे लक्ष गेलं. वडी अजून मुठीतच होती, बोटांत शिरलेली, उबदार, एखाद्या अवयवासारखी. त्यानं ती मधोमध फोडली. आत घड्यांवर घड्या होत्या, काळ्या, तपकिरी, एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यांत वाळू, आणि तो केस. त्यानं नखानं एक चमचमता कण उकरला आणि, आपण काय करतोय ते कळायच्या आत, दाताखाली धरला. कर्र. तो आवाज कानातून नाही, हाडातून आला. तोंडात गंजाची चव पसरली, हिरडीतून रक्त आल्यावर येते तशी. तो थुंकला. पुन्हा थुंकला. थुंकीचा धागा हनुवटीवर लोंबला, तो त्यानं बाहीनं पुसला, आणि मग त्यानं फोन काढून बिट्टीचा नंबर लावला.

"निघालात पण? अजून साडेदहाच होतायत, माझं काहीच भरून झालं नाही."

"येऊ नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"तू येऊ नकोस इकडे. बाळाला घेऊन."

"आईशी भांडलात का?" ती हसत होती. "बाबा, तुमच्या भांडणात माझा तीन महिन्यांचा आराम जायला नको हं. द्या आईला."

"आईचं काही नाही. मी सांगतोय. हवा बरी नाही इथली."

"काल तर मर्यादेत होती."

"काल मी खोटं बोललो."

पलीकडून बाळ काहीतरी चोखत असल्याचा चुक-चुक आवाज तेवढा येत होता. मग बिट्टीनं विचारलं, "किती?" शेवटी मोजणाऱ्याची मुलगी, तिनं आकडा मागितला.

"चौपट. थोडी जास्तच."

"कधीपासून?"

हल्ली, असं म्हणता आलं असतं. शब्द अगदी ओठाशी तयार होता, गुळगुळीत, वळणाचा. पण दातात अजून तो कण होता, किंवा त्याची जागा होती, आणि जीभ तिथे जाऊन जाऊन परत येत होती. "तू सहा वर्षांची असताना मोजलं होतं," तो म्हणाला. "एकदाच. त्याआधीचं मला माहीत नाही."

"म्हणून माझा पलंग आत नेलात."

"हो."

"आणि ठमीचा?" ठमी म्हणजे फोरमनची मुलगी, बिट्टीची मैत्रीण, दोघी ह्याच भिंतीवर बसून वाढल्या होत्या. "फोरमनकाकांना सांगितलं होतंत?"

भिंतीपाशी फोरमन येऊन उभा होता, हातात नवी वडी, कागदात गुंडाळलेली, आणि आपण केव्हा बोलावं याची वाट बघत होता.

"बाबा, मी फोन ठेवत नाही," बिट्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आत्ता सांगा त्यांना. मी ऐकतेय."

तो उठला. फोन हातात तसाच, चालू. भिंतीपर्यंतची सहा-सात पावलं. फोरमननं वडी पुढे केली, त्यानं ती घेतली नाही. "फोरमन, एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि सांगितलं. पुढच्या खोलीची खिडकी, यंत्र, चारशे बारा, चकती कुठे टाकली ते, आणि पलंग. एका दमात, अहवाल वाचावा तसं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बोलणं त्याला येतच नव्हतं. आपल्याला आता मार बसेल असं त्याला वाटलं, आणि बसावा असंही वाटलं. फोरमनचे ते जाड हात त्यानं डोळ्यांसमोर आणले.

फोरमननं डोकं खाजवलं. "बरं," तो म्हणाला. "आकडा काही माहीत नव्हता मला."

"म्हणजे?"

"अहो, तुमचा पलंग आत गेला ते मी ह्या इथून बघितलं. तुम्ही आणि वहिनी दोघं उचलून नेत होतात, गादी दारात अडकली होती. मी घरात जाऊन बायकोला म्हटलं, मापाऱ्यानं पोरीचा पलंग हलवला, आपणही हलवू. ठमीची खाट त्याच आठवड्यात आत गेली. मग पलीकडच्यांनी आमचं बघितलं. महिन्याभरात सगळी ओळ आत." त्यानं हातानं ओळ दाखवली. सतरा घरं, सतरा गाड्या, प्रत्येकीवर कुणीतरी वाकलेलं, आणि प्रत्येक घराची पुढची खिडकी बंद. त्या नेहमी बंदच असत. मापाऱ्यानं हे रोज पाहिलं होतं. "तुम्ही काय सांगायचं आणि काय नाही, ते तुमचं नोकरीचं. पलंग थोडाच खोटं बोलतोय?"

"मग मला विचारलं का नाहीत? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?" फोरमन हसला. रागानं नाही, टोमण्यानंही नाही. भिंतीवर कोपरं टेकवून, जुन्या शेजाऱ्यासारखा, मायेनं. ती माया बघून मापाऱ्याच्या घशाशी आंबट पाणी आलं. "घ्या हो, वडी घ्या. ते ओरखडे जातील, त्यालाही मलम मिळतं."

त्यानं फोन कानाला लावला. "ऐकलंस?"

"ऐकलं," बिट्टी म्हणाली. "म्हणजे सगळ्या ओळीला माहीत होतं. त्या पलंगावर जी झोपायची तिला तेवढं नव्हतं." बाळ रडायला लागलं होतं. "ठेवते. हिची वेळ झाली." फोन बंद झाला.

तो पायरीपर्यंत आला. आतल्या खोलीत पाळणा ओढल्याचा आवाज आला, मग थांबला, आणि बायको दारात आली. कपाळावर घाम, हातात तेच फडकं. "लावला आत," ती म्हणाली. "कधी निघायचं?"

"बिट्टी येणार नाही," तो म्हणाला. "बाळाला घेऊन ती इथे येणार नाही."

त्यानं वाट पाहिली. का, असं ती विचारेल. विचारलं की तो सांगणार होता, आता त्याला सांगता येत होतं, नुकतंच दोनदा सांगून झालं होतं. तिनं फडकं दोन्ही हातांत धरून पिळलं. काळं पाणी पायरीवर पडलं. तिनं ते पायानं सारलं, फडक्याची नीट चौकोनी घडी केली आणि ती आत वळली. तो दारात उभा राहून वाट बघत राहिला. आत पाळणा ओढल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. तो आता दुसऱ्या बाजूला ओढला जात होता, जिथून काढला होता त्या माळ्याकडे. तिनं विचारलं नाही.